गल्लीत कावीळ पसरली तर पाहणी कशी करायची: लंडनच्या एका पॅरिशची जुनी पद्धत, आपल्या खान्देशासाठी

आपल्याकडे मे संपून पहिला पाऊस पडला की जुन्या पेठेत कुठेतरी दोन पोरं पिवळी पडतात, मग चार घरं, मग कोणीतरी व्हॉट्सअपवर गढूळ पाण्याच्या बाटलीचा फोटो टाकतं, नगरसेवकाला शिव्या पडतात, टँकर येतो, टँकरसोबत नगरसेवकाचा फोटो येतो आणि महिनाभराने सगळे विसरतात. नेमकं कुठलं पाणी, कुठली पाइप, कुठला खड्डा, हे शोधायच्या भानगडीत कोणी पडत नाही. त्यासाठी लई मोठं काही लागत नाही भो. १८५४ मध्ये लंडनला एका डॉक्टरने आणि एका तरुण पाद्र्याने घरोघर फिरून हेच केलं होतं, आणि तीच पद्धत जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, कुठल्याही गल्लीत आजही चालते. कशी करायची ते सांगतो.

आधी दोन गोष्टी, पाहणी-बिहणी नंतर. पहिली, साथीची शंका आली त्या दिवसापासून प्यायचं पाणी उकळून घ्या, चांगलं खदखदू द्या, आणि जुलाब असतील तर ओआरएस चालू करा. दुसरी, घरात गरोदर बाई असेल आणि तिचे डोळे पिवळे दिसले तर माळ घालणं, झाडपाला, कावीळ उतरवणाऱ्याकडे नेणं यात एक तास पण घालवू नका, सरळ सिव्हिलला न्या. पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ बाकीच्यांना बहुतेक वेळा आपोआप सोडते पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला जिवावर बेतू शकते. आशा ताईंना आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात पण लगेच कळवा, म्हणजे जिल्ह्याच्या साथरोग विभागापर्यंत बातमी जाते. आता पाहणी.

लंडनची हकीकत थोडक्यात घ्या, कारण पुढे प्रत्येक पायरीला ती लागणार आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चचा इलाखा, पण त्या काळी खालच्या पातळीची नगरपालिका पण तीच, गटार, दिवे, गरिबांचा दवापाणी सगळं तिच्याकडे, आणि कारभार बघणाऱ्या पंचमंडळाला वेस्ट्री म्हणायचे. सोहो भागात सेंट जेम्स पॅरिशमध्ये ऑगस्ट १८५४ संपता संपता ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास कॉलरा असा भडकला की शेवटी ६१६ माणसं गेली. डॉ. जॉन स्नो यांचा संशय रस्त्यावरच्या एका हातपंपावर, आपल्याकडे हापसा म्हणतो तसला. त्यांनी पॅरिशच्या लोकांना गळ घातली आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण खरं चिवट काम त्यानंतर झालं आणि ते केलं हेन्री व्हाइटहेड या पाद्र्याने, ज्याला स्नोचं म्हणणं अजिबात पटलेलं नव्हतं, तो खोडून काढायलाच निघाला होता.

कोण जाणार

इथे पहिलीच मेख आहे. स्नो हुशार खरा पण गल्लीतल्या लोकांसाठी बाहेरचा माणूस. व्हाइटहेड रोज त्याच घरांत जाणारा, कोणाचं कोण गेलं, कोण गाव सोडून गेलं हे त्याला तोंडपाठ, त्यामुळे एकाच घरी चार चार वेळा जाऊन विचारलं तरी लोक दार उघडायचे. आपल्याकडे महापालिकेचा माणूस रजिस्टर घेऊन आला की बाई दारातूनच "नाही, आमच्याकडे कोणी आजारी नाही" म्हणून मोकळी होते, कारण तिला वाटतं हा उद्या नळ कापेल किंवा घरपट्टीचं काही काढेल. म्हणून दोघांची जोडी करा, एक गल्लीतली जाणती बाई आणि एक लिहिणारा. आशा ताई सोबत असल्या तर उत्तमच. कॉलेजची पोरं एकटी पाठवू नका, ती मोबाइलवर फॉर्म भरतात आणि पाच मिनिटांत बाहेर येतात.

नकाशा

वहीच्या दोन पानांवर गल्ली काढा. धुळ्याच्या जुन्या गावात गल्ल्यांना नंबरच आहेत त्यामुळे काम सोपं, बाकी ठिकाणी पेठेचं नाव आणि घराची खूण लिहा. घरांच्या चौकटी झाल्या की निळ्या पेनाने पाण्याची लाइन, वॉल्व, कोणाचा बोअर, कुठे हापसा, आणि लाल पेनाने गटार, चेंबर, संडासाची टाकी, सार्वजनिक शौचालय. पाण्याची लाइन जमिनीखाली कुठून जाते हे बऱ्याचदा ऑफिसात पण कोणाला धड सांगता येत नाही, वॉल्वमनला विचारा, आणि तो जुना असेल तर चहा पाजून निवांत विचारा, सगळा इतिहास बाहेर येतो. निळी आणि लाल रेघ जिथे एकमेकींना कापतात किंवा शेजारून जातात तिथे गोल करा, तो गोल पुढे कामाला येणार.

काय विचारायचं

प्रत्येक घरी: माणसं किती, आजारी कोण, वय, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिला त्रास नेमका कधी सुरू झाला. तारीख लोकांना आठवत नाही. मग सण, बाजाराचा दिवस, लग्न, कोणाचं तेरावं, असं धरून विचारा, "भालोदच्या लग्नाला गेले होते तेव्हा बरे होते का?" असं विचारलं की बरोबर आठवतं.

आता तारखेचं गणित नीट समजून घ्या, इथेच लोक फसतात. कॉलरा पाणी पोटात गेल्यावर काही तासांत ते पाच दिवसांत दिसतो. टायफॉइडला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. आणि कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए किंवा ई, ती दोन आठवड्यांपासून सात-आठ आठवड्यांपर्यंत कधी पण, सरासरी महिनाभर धरा. म्हणजे आज पोरगं पिवळं झालं तर आजच्या नळाचं पाणी तपासून काही फायदा नाही, महिन्यापूर्वी काय झालं होतं ते शोधायचं. तेव्हा लाइन फुटली होती का, नळ नेहमीपेक्षा जास्त दिवस आला नव्हता का, केबलवाल्याने रस्ता खोदला होता का, गावात भंडारा होता का. आजचं पाणी स्वच्छ निघालं म्हणून "पाण्यात दोष नाही" असा रिपोर्ट देऊन फाइल बंद झालेली बघायला मिळते ती यामुळेच.

पाण्याचा प्रश्न एकदा विचारून सोडू नका. एखाद्या आजीला विचारलं, "माय, पानी कथाईन आनतस?" तर त्या म्हणतील "नळनं". लिहून पुढे गेलात की संपलं. थांबा आणि विचारा नळ नाही आला त्या दिवशी काय, चहाला कुठलं, पोरं शाळेत कुठलं पितात, शेतावर कुठलं, कळण्याचं पीठ मळायला कुठलं. दर तीन-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात एका घरात चार तऱ्हेचं पाणी असतं, नळाचं ड्रममध्ये साठवलेलं, शेजारच्या बोअरचं, वीस लिटरचा जार, आणि टँकरचं. हांडा वेगळा, माठ वेगळा. माठात ग्लास बुडवतात की ओगराळं आहे, ते पण बघून घ्या, विचारू नका, विचारलं की सगळे ओगराळंच सांगतात.

सोहोत पण हेच होतं. "मी पंपाचं पाणी पीत नाही" म्हणणारे बरेच होते. पण ते पाणी तिथल्या दारूच्या दुकानात दारूत मिसळलं जायचं, खाणावळीत जेवताना दिलं जायचं, आणि छोट्या दुकानांत त्यात फेसाळणारी पावडर टाकून शरबत म्हणून विकलं जायचं. आपल्याकडे रसवंतीचा बर्फ, गोळेवाला, पाणीपुरीचं पाणी, लग्नातला मठ्ठा, हे सगळं प्रश्नांच्या यादीत घ्या.

जे आजारी नाहीत त्यांच्याकडे जाच

माझ्या मते सगळ्या पाहणीत ही एकच गोष्ट अशी आहे की ती गाळली तर बाकीची मेहनत फुकट. आजारी घरांची यादी कोणीही करतं. पण सगळे आजारी नळाचं पाणी पितात एवढ्यावरून काय सिद्ध होतं? जे धडधाकट आहेत ते पण नळाचंच पीत असतील तर?

ब्रॉड स्ट्रीटजवळ पोलंड स्ट्रीटवर गरिबांचा आश्रम होता, ५३५ माणसं, चारी बाजूंनी मरण चाललेलं आणि आत फक्त ५ गेले. त्यांची स्वतःची विहीर होती. रस्त्यावरच दारूची भट्टी, सत्तरच्या वर कामगार, एकही मेला नाही, कारण त्यांना बिअर फुकट आणि भट्टीत स्वतंत्र विहीर, पंपाकडे कोणी फिरकायचंच नाही. आणि उलटं उदाहरण, कित्येक मैल लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा कॉलऱ्याने गेली, तिच्या भागात दुसरा एक पण रोगी नाही. तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची म्हणून रोज बाटली भरून मागवायची. तिची भाची भेटायला आली, तेच पाणी प्यायली, परत इस्लिंग्टनला गेली आणि ती पण गेली. म्हणजे पंपाच्या शेजारी राहून न पिणारे वाचले आणि लांब राहून पिणारे गेले. हवेने रोग पसरतो म्हणणाऱ्यांना याचं उत्तर देता येईना.

तर तुम्ही पण असे अपवाद शोधा. गल्लीच्या मधोमध एखादं घर साफ वाचलंय, का? आणि लांबच्या कॉलनीत एकच केस आहे, ती इथे ट्यूशनला येते का, मामाकडे राहायला आली होती का?

मग चार चौकोनांचा तक्ता मांडा. समजा एका बोअरवर संशय आहे. बोअरचं पिणारे ४०, त्यातले आजारी १२. न पिणारे ५०, त्यातले आजारी २. म्हणजे एकीकडे शंभरात ३०, दुसरीकडे शंभरात ४. एवढा फरक दिसला की बोअरवर बोट ठेवायला हरकत नाही. नुसते आकडे ठेवू नका, शेकडा काढाच, कारण नळाचं पाणी सगळेच पीत असतील तर आजारी पण नळवालेच जास्त दिसणार. व्हाइटहेडने ब्रॉड स्ट्रीटच्या घरांत नेमकं हेच केलं, पंपाचं पिणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त आजारी पडलेले निघाले आणि न पिणाऱ्यांत दहात एक पण पुरता नाही. स्वतःच्याच वहीने त्याला स्नोच्या बाजूला आणून बसवलं. आणि आपल्या तक्त्यातले ते २ राहिलेत ना, बोअरचं न पिता आजारी पडलेले, त्यांच्याकडे परत जा, बर्फगोळा तिथेच निघतो.

नाकावर जाऊ नका

त्या काळच्या सरकारी आरोग्य मंडळाचा ठाम समज होता की घाणेरड्या वासानेच रोग होतो. त्याच समजातून लंडनच्या गटार आयोगाने घराघरांतले मैल्याचे खड्डे उपसून गटारातून थेम्स नदीत सोडायला लावले, वास घरातून गेला आणि मैला लंडनच्या प्यायच्या पाण्यात गेला. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीच इतकी सडली की पार्लमेंटला बसवेना, तेव्हा कुठे जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरला मोठ्या भुयारी गटारांचं काम मिळालं. आपल्याकडे पण साथ आली की सगळ्यात आधी कचराकुंडीवर आणि गटाराच्या कडेने पांढरी पावडर मारतात, कारण ती दिसते. घाण काढायलाच पाहिजे, माशा होतात, त्यावर वाद नाही. पण ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं पाणी दिसायला चांगलं, थंड आणि चवीला गोड म्हणूनच प्रसिद्ध होतं. आपल्याकडचा अख्ख्या पेठेचा आवडता गोड बोअर असतो ना, त्याच्यापासून संडासाची टाकी किती लांब आहे ते टेप लावून मोजा. ब्रॉड स्ट्रीटला विहिरीपासून तीन फुटांच्या आत मैल्याचा खड्डा निघाला, विटांचा सांधा ढासळलेला, मैला झिरपून सरळ विहिरीत.

प्रत्यक्ष काय बघायचं

नकाशावरच्या गोलांकडे चला, आणि नळ येण्याच्या वेळेला चला. आधी एकदा नळ बंद असताना बघा, गटारातून पाण्याची पाइप गेलीय का, आणि ती जिथे बुडालीय तिथे गंज किंवा सांधा आहे का. कारण असं की पाणी सुरू असताना पाइपमध्ये प्रेशर असतं, गळती बाहेर येते. पाणी बंद झालं की पाइप रिकामी होते आणि त्याच भोकातून गटाराचं पाणी आत शिरतं. वरून प्रत्येक घरात टिल्लू मोटर लाइनला डायरेक्ट लावलेली, ती आणखी ओढते. म्हणून नळाचं पहिलं पाणी सगळ्यात घाण. ज्यांच्या नळाला तोटी नाही आणि नळ खड्ड्यात आहे, तिथे खड्ड्यातलं पाणीच परत लाइनमध्ये जातं, असे खड्डे आपल्याकडे पायऱ्यांखाली, ओट्याखाली गपचूप असतात. मालकाला वाईट वाटू न देता बघा.

तपासणीसाठी ओटी टेस्ट, म्हणजे नळीत पाणी, दोन थेंब औषध, पिवळं झालं की क्लोरीन आहे. घरापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं पाहिजे. टाकीजवळच्या पहिल्या नळावर करा, मधे करा, शेवटच्या नळावर करा. सुरुवातीला पिवळं आणि एका ठिकाणानंतर एकदम पांढरं, तर त्या दोन नळांमध्ये घाण शिरतेय, ती क्लोरीन खाऊन टाकते. सगळीकडेच पांढरं असेल तर गडबड टाकीवरच आहे, टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर टाकलीच नाही किंवा उघडी राहून निकामी झालेली टाकली.

लॅबला पाणी द्यायचं असेल तर बाटली लॅबचीच घ्या, मिनरल वॉटरची नको, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा जिल्ह्याला असते. दोन नमुने घ्या, एक नळ आल्या आल्या पहिल्या धारेचा, दुसरा दहा मिनिटांनी, आणि बाटलीवर तसं लिहा. लॅबवाले म्हणतात आधी पाणी वाहू द्या, ते त्यांच्या नियमाने बरोबर, पण आपल्या लाइनचा खरा आजार पहिल्या धारेतच असतो.

गटार कोणाचं कुठे जातं हे कळत नसेल तर त्या काळचे इन्स्पेक्टर एक मजेशीर युक्ती करायचे, ड्रेनमध्ये पेपरमिंटचं तेल गरम पाण्यासोबत ओतायचं आणि दुसऱ्या माणसाने घरात वास घेत फिरायचं, ओतणाऱ्याने घरात पाऊल टाकायचं नाही कारण वास त्याच्याच अंगाला लागलेला असतो. आपण संडासात खायचा रंग ओतून चेंबरमध्ये कुठे निघतो ते बघू शकतो. फक्त झाकण उघडून लांबूनच बघा, टाकीत किंवा चेंबरमध्ये कोणी उतरायचं नाही आणि कोणाला उतरवायचं पण नाही, आतल्या गॅसने माणूस जागेवर जातो, आणि २०१३ च्या कायद्याने तो गुन्हा पण आहे.

तक्रार अशी लिहा की टाळता येणार नाही

१८५५ पासून लंडनच्या प्रत्येक वेस्ट्रीला एक आरोग्य अधिकारी आणि एक उपद्रव निरीक्षक नेमणं सक्तीचं झालं. उपद्रव म्हणजे तुंबलेलं गटार, भरलेला खड्डा, घरात पाळलेली डुकरं, सडकं मांस, एका खोलीत कोंबलेली माणसं, सगळं. त्याची पद्धत सरळ होती, जागा लिहायची, मालकाला मुदतीची नोटीस, मुदतीनंतर परत भेट, नाही केलं तर मॅजिस्ट्रेटपुढे. "परिसरात अस्वच्छता आहे" असलं वाक्य त्याच्या वहीत चालायचं नाही, आणि तुमच्या अर्जात पण नको. लिहा की अमुक घरासमोर, अमुक चेंबरच्या इतके फूट उत्तरेला, पाण्याची पाइप गटारात बुडालीय, अमुक तारखेला अमुक वाजता ओटी टेस्टला रंग आला नाही, या लाइनवरच्या इतक्या माणसांत इतके आजारी, दुसऱ्या लाइनवर इतक्यांत इतके. नकाशा जोडा. शहरात आरोग्य अधिकारी आणि पाणीपुरवठा विभाग दोघांना एकाच दिवशी द्या, नाहीतर हा म्हणतो पाणीवाल्यांचं काम, तो म्हणतो आरोग्याचं. पोच घ्या. खेड्यात असाल तर जलसुरक्षकाला गाठा आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं की हिरवं कार्ड मिळालंय ते विचारा, पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी करूनच ते देतात.

काहीच हललं नाही तर मॅजिस्ट्रेटचा रस्ता आपल्याकडे पण आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, जुन्या फौजदारी संहितेत ते १३३ होतं, त्याखाली प्रांतसाहेबांकडे सार्वजनिक उपद्रव हटवायचा अर्ज करता येतो. रतलामच्या लोकांनी उघड्या गटारांसाठी याच कलमाखाली नगरपालिकेला कोर्टात खेचलं आणि १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पैसे नाहीत हे कारण नगरपालिकेला देता येणार नाही. रतलाम काही इथून लांब नाही, तिथल्या लोकांना जमलं.

एक सांभाळा. पहिली केस शोधताना कोणाला गुन्हेगार बनवू नका. व्हाइटहेडला मृत्यूच्या नोंदी चाळताना ४० नंबरच्या घरातली तान्ही मुलगी सापडली, तिच्या आईने जुलाबाची फडकी धुऊन पाणी घरासमोरच्या खड्ड्यात ओतलं होतं, आणि तोच तो पंपाशेजारचा खड्डा. त्या बाईची मुलगी गेली, नंतर नवरा पण गेला, तो दांडा काढला त्याच दिवशी आजारी पडला होता, म्हणजे दांडा काढला नसता तर त्याच्या घरातून परत तोच फेरा सुरू झाला असता. दोष खड्ड्याच्या विटांचा, बाईचा काय? म्हणून आजाऱ्यांची नावं ग्रुपवर टाकायची नाहीत, वहीत घर नंबर ठेवा आणि अर्जात फक्त आकडे.

दुरुस्ती झाली की ती तारीख नकाशावर मोठ्या अक्षरात टाका. कावीळ असेल तर त्यानंतर पण सहा-आठ आठवडे नवीन केस येत राहतील, त्या आधीच पोटात गेलेल्या पाण्याच्या असतात, घाबरू नका आणि "दुरुस्ती फेल" अशी बोंब पण मारू नका. तोवर उकळणं चालू ठेवा, शेवटच्या नळावर दर पाण्याच्या दिवशी ओटी टेस्ट करून लिहीत जा. दोन महिने उलटून गेल्यावर पण नवीन पिवळे डोळे दिसले तर दुसरा झरा कुठेतरी आहे, वही काढा आणि त्या घरापासून परत सुरू करा.